ओनी बाहेर, सौख्य घरात : परदेशात मुलांसोबत सेत्सुबुन

जपानबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी घरात एखादा जपानी सण सुरू करायचा, तर कोणता निवडावा? माझं उत्तर ठरलेलं आहे : सेत्सुबुन. मार्चमधल्या हिनामात्सुरीला बाहुल्यांची मांडणी लागते आणि ती जपानमधून आणणं खर्चाचं काम. पाच मेच्या मुलांच्या दिवसाला कापडी मासे उंच काठीवर फडकवायचे, तर अंगण हवं. तानाबाताला बांबूची हिरवी फांदी शोधावी लागते. नववर्षाचा स्वयंपाक तर दोन-दोन दिवस चालतो. सेत्सुबुनला लागतात मूठभर भाजलेले दाणे, मुखवटा घालायला तयार असलेलं एक मोठं माणूस आणि संध्याकाळचा अर्धा-पाऊण तास. एवढ्यात सण पुरा होतो आणि तो मुलाच्या हातून होतो.

हा लेख अशा घरांसाठी आहे, जिथे आई किंवा बाबा जपानी आहेत आणि मुलं पुण्यात, फ्रँकफर्टमध्ये किंवा न्यू जर्सीत वाढताहेत. टोकियोत काही वर्षं राहून परतलेल्या किंवा तिथून आणखी तिसऱ्याच देशात गेलेल्या मराठी कुटुंबांसाठीही आहे. त्यांची मुलं जपानी बालवाडीत गेलेली असतात. फेब्रुवारी आला की 'आपल्याकडे ओनी कधी येणार?' असं विचारतात आणि आईबाबांना काय करावं ते सुचत नाही.

आधी तारखेचं पाहू. जपानी पंचांगात वसंताचा पहिला दिवस म्हणजे रिश्शुन. त्याच्या आदल्या दिवशी सेत्सुबुन. तो बहुतेक वर्षी ३ फेब्रुवारीला येतो, पण नेहमीच नाही. रिश्शुन सूर्याच्या स्थानावरून ठरतो, त्यामुळे तारीख अधूनमधून सरकते. २०२१ मध्ये सेत्सुबुन २ फेब्रुवारीला आला, तसा तो १८९७ नंतर पहिल्यांदाच आला होता. २०२५ मध्येही २ तारीख होती. २०२६, २०२७ आणि २०२८ मध्ये ३ तारीख आहे, २०२९ मध्ये पुन्हा २. जपानमध्ये या दिवशी सुट्टी नसते. तिथली घरंही ऑफिस-शाळा उरकून, दिवेलागणीनंतर हा सण करतात. त्यामुळे परदेशात आडवारी सण आला म्हणून तो शनिवारवर ढकलू नका. त्या दिवशीच, जेवणाआधी करा.

या सणात ओनीला दाणे मारून घराबाहेर काढायचं आणि सौख्याला आत बोलवायचं असतं. ओनी म्हणजे शिंगं असलेला, वाघाच्या कातड्याचा लंगोट नेसलेला, लाल किंवा निळ्या अंगाचा धिप्पाड प्राणी. त्याची शिंगं बैलाची आणि कातडं वाघाचं का, याचं उत्तर मुलांना फार आवडतं. जुन्या जपानी दिशाचक्रात ईशान्य दिशा बैल आणि वाघ यांच्या मध्ये येते. संकटं त्याच दिशेनं येतात असं मानत, म्हणून तिथून येणाऱ्या ओनीला दोघांचंही रूप मिळालं. या रिवाजाचं मूळ चीनहून आलेल्या, राजवाड्यातल्या विधीत आहे. 'शोकु निहोंगी' या इतिहासग्रंथात ७०६ सालची नोंद सापडते : देशभर रोगाची साथ होती, माणसं मरत होती, तेव्हा तो विधी केला गेला. दाणे फेकण्याची रीत बरीच नंतरची, पंधराव्या शतकाच्या आसपासची. 'ओनी कोण?' असं मुलानं विचारलं, तर 'आजारपण, अपघात, गेल्या वर्षातलं वाईट' हे उत्तर इतिहासालाही धरून आहे आणि पाच वर्षांच्या मुलालाही कळतं.

मराठी आजी-आजोबांना हे समजावणं तर अगदी सोपं. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा 'घेऊन जा गे मारबत' म्हणत रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर घालवतात. ओरडायचं, एकत्र ओरडायचं आणि घालवून द्यायचं, हा दोन्हीकडचा गाभा एकच आहे. आजीनं एकदा मारबतीची गोष्ट सांगितली, की घरातल्या मराठी बाजूलाही हा सण परका वाटत नाही.

आता दाणे. जपानमध्ये भाजलेल्या सोयाबीनची पाकिटं दुकानोदुकानी मिळतात, सोबत कागदी मुखवटाही असतो. परदेशात जपानी दुकान जवळ असेल तर उत्तम, नसेल तर घरी भाजा. वाटीभर सोयाबीन धुऊन दोन-तीन तास भिजवा. निथळून कपड्यावर पसरा आणि वरचं पाणी सुकू द्या. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत हलवत भाजा. साल तडकते, खमंग वास सुटतो आणि दाणा दाताखाली कुरकुरीत फुटतो, तेव्हा झालं. ओव्हनमध्ये १६० अंशांवर साधारण अर्धा तास लागतो, मध्ये एकदा हलवायचं. दाणे नीट भाजलेच पाहिजेत. कच्चं सोयाबीन खायचं नसतं हे एक कारण. दुसरं असं, की फेकलेल्या दाण्याला कुठे कोंब फुटला तर अशुभ, असा जपानी समज आहे. भाजलेल्या दाण्याला कोंब फुटत नाही.

सोयाबीन मिळालं नाही म्हणून सण अडत नाही. होक्काइदो आणि तोहोकु या उत्तरेकडच्या भागांत लोक सोयाबीनऐवजी टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात. त्या पटकन सापडतात, आणि टरफल असल्यामुळे जमिनीवर पडल्या तरी आतला दाणा खाता येतो. पुण्यात किंवा नागपुरात सण करणाऱ्यांनी हीच रीत उचलावी असं मला वाटतं. फेब्रुवारीत भाजलेल्या शेंगा कोपऱ्यावरच्या गाडीवरही मिळतात आणि आपण काहीतरी तडजोड करतोय असं मनात येत नाही, कारण ती खुद्द जपानचीच एक रीत आहे. अर्थात घरात किंवा शेजारात कुणाला भुईमुगाची ॲलर्जी असेल, तर शेंगांचा विचार सोडून द्या. सोयाबीनचीही ॲलर्जी असते, पाहुण्या मुलांच्या आईबाबांना आधी विचारा.

दाणे ठेवायला जपानी घरांत मासु वापरतात. हे धान्य मोजायचं लाकडी चौकोनी माप, साधारण १८० मिलिलिटरचं. ते विकत आणू नका. चौकोनी कागद घडी घालून अगदी तसाच डबा होतो आणि ओरिगामीतल्या सोप्या घड्यांपैकी ही एक आहे. वर्तमानपत्राचा चौकोन कापून मुलाला तीन-चार दिवस आधीच करायला बसवा. सहा-सात वर्षांचं मूल एकदा पाहून करतं, लहानांना हात लावावा लागतो. आपण केलेल्या डब्यातून फेकताना मुलाला जो हुरूप असतो, तो विकतच्या डब्याला येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी कुणालाच सूट देणार नाही. जपान सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची स्पष्ट सूचना आहे : पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना कडक दाणे, शेंगदाणे, बदाम वगैरे खायला देऊ नयेत. असा दाणा किंवा त्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकतो. फोडून, तुकडे करून दिला तरी धोका टळत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत शिमाने प्रांतात याच सणाच्या वेळी चार वर्षांच्या मुलाचा असा मृत्यू झाला. आपल्याकडे दोन वर्षांच्या मुलाच्या हातावरही सहज फुटाणे ठेवतात, म्हणून हे इतकं ठासून सांगायचं. घरात लहान मूल असेल तर दाणे छोट्या कागदी पुड्यांत बांधून पुड्याच फेका, जपानी बालवाड्यांतही आता असं करतात. किंवा वर्तमानपत्राचे बोळे फेका. त्यात मजा तसूभरही कमी होत नाही, उलट बोळा ओनीच्या अंगावर चांगला बसतो. सुटे दाणे फेकलेच तर आधी मोजून घ्या, नंतर मोजून उचला आणि सोफ्याखाली स्वतः वाकून पाहा. मोठं भावंड फेकतं आणि रांगणारं दुसऱ्या दिवशी शोधून तोंडात घालतं, हे ध्यानात ठेवा.

लहानांना चव हवीच असेल, तर भाजलेलं सोयाबीन मिक्सरमधून बारीक करून चाळून घ्या. हीच किनाको. ती कोरडी न देता दुधात किंवा दह्यात कालवून केळ्याच्या चकत्यांवर घाला. खमंग लागते आणि घशाशी अडकत नाही.

दाण्यांइतकाच काळजीचा भाग म्हणजे ओनी. जपानी बालवाड्यांत या दिवशी शिक्षक ओनी होऊन येतात आणि काही मुलं अक्षरशः टाहो फोडतात. मोठ्यांना ते गंमतीचं वाटतं, त्याचे व्हिडिओ काढले जातात. मला ते पटत नाही. परदेशातल्या मुलाला तर आजूबाजूच्या मित्रांकडून ओनीची काहीच ओळख नसते. त्याला तो थेट भीती म्हणूनच भेटेल. म्हणून मुखवटा मुलाकडूनच करून घ्या. कागदी थाळी, रंग, पुठ्ठ्याची शिंगं, लोकरीचे कुरळे केस. रंग त्यालाच निवडू द्या. लाल ओनी हावरट, निळा रागीट, हिरवा आळशी, अशी एक बौद्ध परंपरेतून आलेली मांडणी सांगितली जाते. तिचा उपयोग करून 'या वर्षी घरातून काय जावं?' हे विचारता येतं. मात्र 'तुझ्यातला रडका ओनी घालवू' असं मोठ्यांनी मुलाबद्दल ठरवू नये. आधी बाबांनी स्वतःचा ओनी सांगावा : फोनवर फार वेळ घालवणारा, सकाळी चिडचिड करणारा. मग मूल आपला ओनी स्वतःहून सांगतं.

ओनी कोण होणार हे मुलाला आधी माहीत असू द्या. मुखवटा चढवताना आणि उतरवताना त्याला दाखवा. चार वर्षांखालचं मूल असेल तर ओनी दाराबाहेरून एकदाच डोकावावा, पहिला दाणा लागताच कळवळून पळून जावा. मूल रडलं तर मुखवटा ताबडतोब काढा, खेळ थांबवा. पुढच्या वर्षी त्यालाच ओनी होऊ द्या. दाण्यांचा मार खाणारा ओनी होणं हे कितीतरी मुलांना फेकण्यापेक्षा जास्त आवडतं. आणि ओनीचा धाक वर्षभर दाखवू नका. 'जेवला नाहीस तर ओनी येईल' म्हणायला लागलात, की सेत्सुबुनचा अर्थच उलटा होतो. त्या संध्याकाळी ओनी मुलाला घालवत नाही, मूल ओनीला घालवतं.

काही मुलांना ओनीची दया येते. 'त्याला बाहेर का काढायचं? थंडी आहे' असं विचारणारं मूल घरात असेल, तर त्याच्यासाठीही जपानकडे उत्तर आहे. नारा प्रांतात योशिनोच्या डोंगरावर किनपुसेन-जी मंदिर आहे. तिथे 'सौख्य आत, ओनीही आत' अशी हाक देतात आणि सगळीकडून हाकललेल्या ओनींना आसरा देतात. टोकियोजवळच्या नारितासान मंदिरात सुमो मल्ल आणि नट मोठ्या गर्दीत दाणे फेकतात, पण तिथेही 'ओनी बाहेर' म्हणत नाहीत. तिथल्या फुदो-म्योओ या देवतेच्या करुणेपुढे ओनीही बदलतो असं मानतात. हिरोसुके हामादा यांची 'नाइता आकाओनी' ही माणसांशी मैत्री करू पाहणाऱ्या लाल ओनीची गोष्ट आदल्या रात्री वाचून दाखवता येईल. घरात कोणती हाक द्यायची, ते मग मुलालाच ठरवू द्या.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. अंधार पडला की दाण्यांचं माप देवापाशी किंवा घरातल्या उंच, स्वच्छ जागी थोडा वेळ ठेवा. मग घराच्या आतल्या खोलीपासून सुरुवात करा. खिडकी किंवा दार उघडायचं, 'ओनी वा सोतो!' म्हणत बाहेरच्या बाजूला फेकायचं, पटकन लावून घ्यायचं, मग 'फुकु वा उची!' म्हणत खोलीत फेकायचं. असं करत करत शेवटी मुख्य दारापाशी यायचं. 'ओनी बाहेर, सौख्य घरात' एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्या घरात जपानी कमी बोललं जातं, त्यांच्यासाठी तर ही हाक वरदान आहे. दोन वर्षांचं मूलही ती ठोकून देतं आणि वर्षभर विसरत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीतून खाली काही फेकू नये. दार किलकिलं करून उंबऱ्याशी चार दाणे टाकले तरी पुरे. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, जमलं तर त्यांच्या मुलांना बोलवा. दहा मिनिटांचा आरडाओरडा सात वाजता झाला तर कुणाची तक्रार नसते. सिडनी किंवा साओ पाउलोत राहणाऱ्यांकडे फेब्रुवारीत उन्हाळा असतो. त्यांनी तारीख बदलू नये. 'आजीच्या गावी आज थंडी संपतेय' हे सांगून नकाशा दाखवावा.

फेकून झालं की दाणे खायचे. ज्याचं जितकं वय तितके दाणे, काही घरांत येणाऱ्या वर्षासाठी एक जास्त. सहा वर्षांच्या मुलाच्या बशीत सहा-सात आणि आजोबांच्या बशीत सत्तर पाहून मुलांना वयाचा खरा अंदाज येतो. इतके दाणे आजोबांना चावत नाहीत. त्यांच्यासाठी फुकुचा करतात : कपात तीन भाजलेले दाणे, कोंबु नावाच्या समुद्री शेवाळाचा तुकडा आणि एक उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, वरून गरम पाणी किंवा चहा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला वयाइतक्या केळ्याच्या चकत्या, किनाको घालून.

जेवणात एहोमाकी हवं का? हा भाताचा जाड रोल त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून, न बोलता, न कापता खातात. मूळची ही ओसाकाकडची रीत. १९८९ मध्ये हिरोशिमातल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांनी ते विकायला घेतलं आणि १९९८ पासून ते देशभर पसरलं. म्हणजे कितीतरी जपानी आजी-आजोबांच्या लहानपणी एहोमाकी नव्हतंच. केलं नाही तर काही राहिलं असं वाटून घेऊ नका. करणार असाल तर जपानी तांदळाऐवजी पुण्यात इंद्रायणी चालतो, तो पुरेसा चिकट असतो. सात शुभ देवतांसाठी सात सारणं घालतात, पण काकडी, गाजर, अंडं, ॲव्होकॅडो, घरात असेल ते घ्या. मुलांसाठी बारीक रोल करा आणि लहानांना कापूनच द्या. अख्खा रोल मुकाट्याने कोंबणं त्यांच्यासाठी सुरक्षित नाही. दिशा मोबाइलमधल्या होकायंत्रावर मुलालाच शोधायला लावा : २०२६ आणि २०२८ मध्ये १६५ अंश, २०२७ मध्ये ३४५, २०२९ मध्ये ७५.

दाराला काटेरी पानांची फांदी आणि त्यावर भाजलेल्या सार्डिनचं डोकं खोचण्याचीही रीत आहे. काट्यांनी आणि वासानं ओनी दूर राहतो असं मानतात. युरोपात हॉलीची फांदी मिळते, पण तिची लाल फळं विषारी असतात, ती काढून टाका. इमारतीच्या जिन्यात माशाचं डोकं लटकवण्यापेक्षा मुलानं काढलेलं चित्र लावलेलं बरं. तारली मिळणाऱ्यांनी त्या दिवशी ती जेवणात भाजावी, हेही पश्चिम जपानच्या रीतीला धरूनच होईल.

जपानमधल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर सामील करायचं असेल, तर घड्याळ आधी बघा. भारतात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जपानमध्ये साडेनऊ, हे जमतं. जर्मनीत सहा वाजता जपानमध्ये रात्रीचे दोन वाजलेले असतात. अशा वेळी आजीनं तिची संध्याकाळ चित्रित करून पाठवावी, मुलानं शाळेतून आल्यावर ती पाहावी आणि मग आपली करावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला फोन केलात तर आजीकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा, म्हणजे रिश्शुन, वसंताचा पहिला दिवस. ओनी गेल्याची बातमी तिला तेव्हा द्या.

मुलाच्या परदेशी वर्गात सण दाखवायची हौस असेल, तर दाण्यांऐवजी कागदी बोळेच न्या. कित्येक शाळांत शेंगदाणे, बदाम आणायला बंदीच असते. शिक्षकांना आधी सांगा, की ओनी म्हणजे आजार आणि वाईट दिवस. बोळे फेकायच्या आधी प्रत्येक मुलाला आपल्या बोळ्यावर नको असलेली एक गोष्ट लिहू द्या.

मुखवटा जपून ठेवा, वर तारीख घाला आणि पुढच्या वर्षी नवा करा. दाण्यांसाठी मात्र आदल्या आठवड्यातच बाजारात जाऊन या आणि सेत्सुबुनच्या दिवशी दुपारपर्यंत सोयाबीन भिजत घाला, म्हणजे अंधार पडेपर्यंत दाणे भाजून तयार होतील.